न वाजलेला फोन

कागल,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय विजू,

पार्सल मिळालं की आधी हे पत्र वाच. वरचा चटणीचा डबा खुशाल उघड, पण त्याच्याखाली निळ्या कापडात शिवून एक वस्तू ठेवली आहे, तिला पत्र संपेपर्यंत हात लावायचा नाही. मी ब्लाउज शिवणारी बाई आहे, टाके दुहेरी घातलेत. दिवाळीआधी डबा उघडून करंज्या कुरतडायच्या आणि उंदरावर ढकलायचं, ही तुझी जुनी सवय मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

फोन करता आला असता, हे मलाही कळतं. पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे कबनूरच्या सगळ्या यंत्रमागांशी बोलायचं. मागे तो खडखडाट आणि पुढे तुझं "हं", "बरं", "ठेवतो". आबांचं नाव निघालं की तेवढंही नाही. आणि मला जे सांगायचंय ते अर्ध्यात फोन ठेवून ऐकण्यासारखं नाही. शिवाय समोरासमोर किंवा फोनवर मी ते पूर्ण सांगू शकेन याची मलाच खात्री नाही. कागदावर निदान खोडलेलं दिसतं.

आधी घरची खबर. आईची तब्येत बरी आहे, गुडघे सोडून. आबांचा उजवा अंगठा मात्र गेला. पन्नास वर्षं अंगठा मुडपून धार काढली, आता सांध्यात गाठ झाली आहे आणि अंगठा मुडपला की सरळच होत नाही. डॉक्टरांनी धार काढायची बंद म्हणून सांगितलं, तर आबा त्यांनाच म्हणाले, "मग म्हशींस्नी तुमीच सांगा की येऊन." तरी काढतात. चार म्हशी, दोन्ही वेळा. दसऱ्याला सोनं वाटून घरी आले आणि आईला म्हणाले, "पाडव्याला म्हशी सजवायच्या, शेवटच्या पळवायच्या आन देऊन टाकायच्या." गंगावेशीतल्या कट्ट्यावरची आपली जागासुद्धा सोडणार आहेत. आजोबा तिथं म्हैस उभी करून लोकांच्या पेल्यात धार काढून द्यायचे, ती जागा. मी इकडे कागलात, पोरं, मशीन, तुझ्या दाजींच्या शिफ्टा. तू आलास तर गोठा राहतो, नाही आलास तर सोळा दिवसांत संपला. आणि तू का येत नाहीस, हे कट्ट्यावरच्या प्रत्येकाला माहीत आहे असं प्रत्येकाला वाटतं. म्हशी बुडाल्या म्हणून नाही. आबांनी तुला चारचौघांत खोटारडा म्हटलं म्हणून.

तुला तो चाचणीचा दिवस आठवतो का? न आठवून कसं चालेल. मे महिना होता, मी पोरांना घेऊन माहेरी आले होते. संध्याकाळी पोरांना धारोष्ण दूध पाजायला म्हणून कट्ट्यावर आणलं. तू गंगीच्या कासेशी बसला होतास. सदरा काढून खांबाच्या खिळ्याला अडकवलेला, त्याच्या खिशात फोन. आबा चंद्रीला बसलेले. पेले घेऊन पंधरा-वीस माणसं उभी, आणि सगळ्यांच्या पुढे आपले आप्पासो मगदूम, कारण त्यांचं सूर्य बुडायच्या आत सगळं उरकायचं असतं. जैन बस्तीतून दर्शन घेऊन तसेच येतात, पांढरं स्वच्छ धोतर, हातात घरचा पितळी पेला. आणि एकदम सगळ्यांचे फोन वाजले. रिंग नाही, तो भोंगा. एका वेळी, एका सुरात, वीस खिशांतून. आपल्या म्हशी पाडव्याला सायलेन्सर काढलेल्या गाडीमागे पळतात, तोंडापुढे फटाक्यांची माळ लावली तरी कान हलवत नाहीत. पण हे काहीतरी वेगळंच होतं. खिळ्यावरचा तुझा फोन तर गंगीच्या बरोब्बर कानाशी. तिनं लाथ घातली ती दुधाच्या चरवीला, आणि चरवी गेली आप्पासोंच्या धोतरावर.

आप्पासोंनी शांतपणे चष्मा पुसला आणि फोन वाचला. "सरकारची चाचणी हाय म्हणं. आपण काही करायची गरज नाही, असं लिवलंय." त्यावर आबा ओरडले, "आमी कुठं काय केलं? म्हशीनं केलं की!" सगळा कट्टा हसला. तूही हसलास, गंगीच्या पाठीवर डोकं टेकून. पण गंगीनं त्या दिवशी पान्हा चोरला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा भोंगा झाला आणि तिनं पुन्हा पान्हा चोरला. मग आबांचं डोकं फिरलं. फोन बंद ठेवू म्हणावं तर गिऱ्हाइकांचे फोन येतात. आवाज बंद करू म्हणावं तर आप्पासो म्हणाले, "सायलेंटवर असला तरीबी वाजतोय त्यो, त्यासाठीच केलाय." आबांनी निकाल दिला, "मला काय बी सांगू नका. म्हशीजवळ परत वाजला न्हाय पायजे." तिसऱ्या दिवसापासून कुणाचाच वाजला नाही. गंगी पूर्ववत दूध द्यायला लागली आणि सगळे धरून चालले की चाचण्या संपल्या.

नंतरचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण मी ते इथं लिहिते, कारण ते कुणी कधी तुझ्या बाजूनं सांगितलंच नाही. श्रावणातला तो पाऊस. आबा कट्ट्याच्या कामासाठी गावातल्या घरी आणि तू सातही म्हशी घेऊन पुलापलीकडच्या मळ्यात. नदी चढते ती समोर दिसते, पण आपल्या मळ्याचा ओढा मागच्या अंगानं फुगतो तो दिसत नाही, हे शाळेत असल्यापासून आपल्याला ठाऊक. दुपारी दोन वाजता सगळ्या कोल्हापूरचे फोन वाजले. या वेळी चाचणी नव्हती. धरणातून पाणी सोडलंय, नदीकाठच्या लोकांनी ताबडतोब सुरक्षित ठिकाणी जावं. तू पहाटेपासून धारा, वैरण, शेण उरकून झोपला होतास, रोज झोपायचास तसा. उशाला फोन. साडेचारला धारेची वेळ म्हणून आपोआप उठलास आणि पाय खाली टाकलास तो पाण्यात.

दोरी असती तर विळ्यानं कापली असतीस. पण त्याच्या आदल्याच वर्षी आबांनी हौसेनं साखळ्या केल्या होत्या. म्हशी ओढ घेत होत्या, साखळ्या ताणलेल्या, आकडे पाण्याखाली. चार सोडवल्यास. तीन नाही सुटल्या. गंगी त्यातली. शेवटी पाणी छातीला आलं तेव्हा चंद्रीचं शेपूट धरून वडणग्याच्या बाजूच्या चढाला लागलास. तुझ्या बोटांची नखं गेली होती, त्या आकड्यांवर. आईनं मला ते सांगितलं, आबांनी कधी सांगितलं नाही, पण त्यांनी बघितली होती.

आणि आबांचं त्या दुपारी काय झालं, हे तुला कुणी सांगितलंय का? गल्लीतले फोन वाजताच ते पुलाकडे धावले होते. पोलिसांनी पूल बंद केलेला. आप्पासो बरोबर होते, त्यांच्या फोनवरून तुला नऊ वेळा लावला. सगळं शहर एकाच वेळी फोन करत होतं, लागणार कसा? आबा पोलिसाशी भांडायला निघाले आणि मग थांबले. आप्पासोंना म्हणाले, "त्याच्याबी फोनला आलंच असंल की. पोरगं निघालंबी असंल म्हशी घेऊन." त्या एका भरवशावर ते पुलाशी तीन तास उभे राहिले. मला वाटतं, म्हशी गेल्या याचा राग त्यांना तेवढा नाही. आपण तीन तास नुसते उभे राहिलो, याचा आहे. तो राग कुणावर तरी काढायला हवा होता.

पाणी उतरल्यावर आठव्या दिवशी कट्ट्यावर झालेलं भांडण मी बघितलं नाही, ऐकलं. गिऱ्हाइकं उभी असताना आबा तुला म्हणाले, "म्हशी गेल्या त्या गेल्या. वाजला आन मी बंद करून झोपलो, असं म्हण. मी इसरून जातो." तू म्हणालास, "झोपलोतोच मी. पर फोन वाजला न्हाय." आबा म्हणाले, "आख्ख्या गावाचा वाजला, तुझाच न्हाय? सायलेंटवर बी वाजतोय त्यो, हितंच बघितलंय आमी." तू पुन्हा तेच म्हणालास. त्यावर त्यांनी तो शब्द वापरला. तू फोन खिशातून काढून त्यांच्या पुढ्यात कट्ट्यावर ठेवलास आणि निघालास. मी दुपारी पोचले तेव्हा तू पिशवी भरत होतास. मी तुला घरामागच्या परड्यात नेऊन समजावलं. मोठी बहीण ना मी. म्हटलं, वाजला असेल रे, झोपेत बंद केला असशील, म्हण की एकदा तसं, काय बिघडतं. तू माझ्याकडे बघितलंस आणि एवढंच म्हणालास, "आक्का, तूबी?"

दोन वर्षं झाली. तो फोन आईनं कट्ट्यावरून उचलून आणला. कार्ड बदलून घेतलं, आणि हळूहळू बोट वर-खाली करायला शिकली. दर रविवारी तू तिच्याशी बोलतोस तो त्याच फोनवर, हे तुला माहीत असेल. नसेल तर आता झालं. तिनं त्याच्या मागचा तुझा वाघाचा स्टिकरसुद्धा काढलेला नाही.

आता गेल्या मंगळवारचं. मी आबांच्या अंगठ्याचं बघायला कोल्हापूरला गेले होते. सकाळचे अकरा वाजून गेलेले. आबा उंबऱ्यात गरम पाण्याच्या भांड्यात हात घालून बसले होते. आप्पासो कसलंसं तेल घेऊन आले होते. ते आता पंच्याहत्तरीचे झाले, पण अजून चालत येतात. मी लसूण सोलत होते. आई ओट्याशी उभी राहून फोनवर कुठल्याशा बाईच्या कोथिंबीर वड्या बघत होती. आणि पुन्हा तो भोंगा. माझा वाजला, आप्पासोंचा वाजला, शेजारच्या झुंबरबाईंचा भिंतीपलीकडून वाजला, गल्लीभर वाजत गेला. त्या दिवशी तुझा नवा फोनही वाजला असेल, मागांच्या आवाजात कुणाला ऐकू आला नसेल एवढंच. चाचणीच होती. पण आईच्या हातातल्या फोनमध्ये ती बाई शांतपणे वड्या थापत राहिली.

आईनं फोन उलटा करून बघितला, हलवून बघितला. मग म्हणाली, "माझा का गं वाजला न्हाय?" विजू, तुझंच वाक्य. तिनं मुद्दाम म्हटलं नव्हतं, पण म्हटल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिनं फोन पोळपाटावर ठेवला. आप्पासोंना बिचाऱ्यांना वाटलं, आपण सांभाळून घ्यावं. म्हणाले, "जुना हँडसेट हाय, सोयच नसंल त्यात." आणि मी लगेच म्हटलं, हो हो, जुनाच आहे तो. इतकं पटकन म्हटलं की माझं मलाच कळलं. तेवढ्यावर भागलं असतं बघ. तुझ्यावरचा आळ गेला असता, आणि कुणावर आला नसता. पण आबांनी पाण्यातून हात काढला आणि म्हणाले, "सोय कशी न्हाय? कट्ट्यावर वाजलंतं की त्येच. गंगीच्या कानापाशी." मग अंगठा पुसला. आणि म्हणाले, "म्हंजी त्येनंच बंद करून ठेवलंतं. झोपमोड हुती म्हणून."

झालं. आधी तू नुसता खोटं बोलणारा होतास, आता इशारा बंद करून झोपणारा झालास. मी तिथं राहिले ते तीन दिवस आबा कट्ट्यावर येईल त्याला हेच सांगत होते. रागानं नाही, उलट जरा हलकं झाल्यासारखं. कोडं सुटलं ना त्यांचं. आईनं तो फोन फडताळात ठेवून दिला आणि परत हातात घेतला नाही. आप्पासो एकदा मला म्हणाले, "पोरगं तसं न्हवतं गं." मी मान हलवली आणि संध्याकाळच्या गाडीनं कागलला निघून आले. दोन ब्लाउज कापले, दोन्ही चुकीचे कापले.

ते मी बंद केलं होतं, विजू. चाचणीच्या दुसऱ्या संध्याकाळी, आबा ओरडल्यावर. तुझे दोन्ही हात दुधात होते. मी खिळ्यावरच्या सदऱ्यातून फोन काढला, स्क्रीनवर उलट्या काठीसारखी रेघ ओढून उघडायचं तुझं कुलूप मला पाठ होतं. घरात कुणाच्या फोनला काही झालं की आक्काकडे द्या, हे तर ठरलेलंच. आत शोधत गेले, इशाऱ्यांच्या एका पानावर चार बटणं होती. वाचली नाहीत. घराबाहेर पडताना आपण सगळे दिवे मालवतो तशी चारही बंद केली आणि फोन परत खिशात ठेवला. तू हात धुतलेस की सांगायचं, असं मनात होतं. तेवढ्यात पोरीनं फ्रॉकवर दूध सांडलं आणि राहिलं ते राहिलं. पण ही चूक मी तुला सांगायला बसलेले नाही. चूक कुणाचीही होते. मला हे आठवलं कधी, ते सांगायचंय. तू "आक्का, तूबी" म्हणालास त्याच संध्याकाळी, कागलच्या एसटीत. खिडकीशी बसले होते आणि एकदम तो खिळा डोळ्यांपुढे आला. तेव्हा उतरून परत यायला हवं होतं. मी स्वतःला सांगितलं की आपण फक्त चाचणीचं बटण बंद केलं असणार, खऱ्या इशाऱ्याचं वेगळं असेल. दोन वर्षं हेच सांगत राहिले. तो फोन आईच्या हातात असायचा, मी दर महिन्याला घरी जायचे, त्यावर तिला भजनं लावून द्यायचे. पण ते पान एकदाही उघडून बघितलं नाही. ज्याला खात्री असते तो उघडून बघतो. मला आबांची भीती होती, तुझ्या दाजींच्या घरी काय म्हणतील याची होती, आणि सगळ्यात जास्त तुझी होती. तू नखं जाईपर्यंत खरं बोलत होतास आणि मी तुला परड्यात नेऊन खोटं बोलायला शिकवत होते. त्याची लाज मला शब्दांत मांडता येत नाही, म्हणून मांडत नाही.

काल कोजागरी. सकाळी गाडी धरली आणि आईकडून तो फोन मागून घेतला. पहिल्यांदा ते पान उघडलं. चारही बंद. संध्याकाळी, दिवस असतानाच, कट्ट्यावर गेले. तुला चारचौघांत म्हटलं होतं, तर हेही चारचौघांतच व्हायला हवं होतं. कोजागरीची गर्दी तुला माहीत आहे, पेले नाहीत, घागरी घेऊन लोक उभे असतात. मी आबांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं, आत्ता लिहिलं तसंच, एसटीसकट. आप्पासोंनी फोन हातात घेऊन ती चारही बटणं मोठ्यानं वाचून दाखवली. आबांनी चरवी खाली ठेवली. मला वाटलं, आता ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते एवढंच म्हणाले, "मीच म्हणलोतो, वाजला न्हाय पायजे." मी म्हटलं, तुमच्या म्हणण्यावर घालू नका, बटणं माझ्या बोटांनी बंद झाली, आणि दोन वर्षं तोंडही मीच बंद ठेवलं. त्यावर त्यांनी मान हलवली, म्हणजे ते त्यांना मान्य होतं. मग लोकांकडे वळले आणि पाडव्याला म्हशींना हाळी देतात त्या आवाजात म्हणाले, "ऐकलं न्हवं समद्यांनी? माझं पोरगं खोटं बोललं न्हवतं." चंद्रीला बसले, पण मुडपलेला अंगठा सरळच होईना. उठले आणि म्हणाले, "पावणं, आज दूध न्हाय." कोजागरीच्या दिवशी, विजू. आजोबांच्या वेळेपासून असं झालेलं नाही. एक माणूस कुरकुरला नाही. आप्पासो रिकामा पेला उलटा करून तसेच घरी गेले.

घरी आल्यावर आबांनी आईला विचारलं, कबनूरला गाडी किती वाजता असते. तिनं सांगितलं. आबांनी पायताण घातलं, काढलं, परत घातलं, आणि शेवटी म्हणाले, "जाऊन म्हणू काय त्येला?" ते त्यांना अजून सुचलेलं नाही. मला सुचलं ते मी लिहिलं. निळ्या कापडात तुझा फोन आहे. ती बटणं मी चालू केलेली नाहीत. आप्पासो करायला निघाले होते, मी त्यांना हात लावू दिला नाही. तू दोन वर्षं एकटा म्हणत होतास ते तुला स्वतःच्या डोळ्यांनी बघता यावं, म्हणून ती आहेत तशी पाठवते आहे. आई म्हणाली चार्ज करून पाठव, म्हणून भरून दिलाय. आईनं झुंबरबाईंच्या फोनवरून सांगितलं, आबांनी आज शिंगांचा रंग आणला, पण डबा फोडला नाही. आईनं विचारलं तर म्हणाले, "चंद्री त्येच्याच गाडीमागनं पळती. रंगवंल त्योच." त्यांच्यासाठी यावंसं वाटलं तर ये, गोठ्यासाठी वाटलं तर ये. भाऊबीजेचं ताट मी करीनच. माझ्यापुढे बसायचं की नाही ते तू ठरव, आणि नाही बसलास तर का नाही, हे मला कुणाला विचारावं लागणार नाही. आता टाके उसव.

तुझीच, अजून तसं म्हणू देशील तर,
आक्का